काठी आणि झिपरी

मला राग लवकर येतो. आधी कान तापतात, मग तोंड सुटतं, आणि मी काय बोलले ते नंतर मला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. माहेरी सटाण्याला हे सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी कळायला वर्षभर लागलं. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेतात पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. यावरून समजा, काय झालं असेल ते.

आधी शेताचं सांगते, नाहीतर मी कशासाठी एवढी पेटले ते कळायचं नाही. मनमाडहून नांदगावच्या अंगाला निघालं की रस्त्याला लागूनच आमचं रान आहे. काळी जमीन, विहिरीला पाणी बेताचं. सासरे भिमाजी, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं; जन्मभर कपाशी केलेला माणूस. नवरा मनमाडला रेल्वेत. रविवारी शेतात येतो आणि बांधावर बसून मोबाईल बघतो. त्यामुळे शेती आबांची आणि माझी. मी शेतकी शिकलेली. बरीच वर्षं एका बियाणे कंपनीच्या शेतावर दुसऱ्यांचे संकर करून दिले. शेवटी म्हटलं, बास झालं बाई, आता एक आपला स्वतःचा करू.

संकराला आम्ही जोड म्हणतो. कपाशीची सगळी झाडं एका वळणाची नसतात. एक वळण सरळसोट. त्याला आमच्या रानात ‘काठी’ नाव पडलं. काठीला बुडातून जाड फांद्या फुटत नाहीत, खोडाला लगटून आखूड फांद्या आणि त्यांवर बोंडं. दाट लावा, बोंडं एकदम धरतात, एकदम फुटतात, वेचणारीला सुख. पण ऐन बोंडात पाऊस कोसळला की खेळ खलास, कारण दुसऱ्यांदा फुलणं काठीच्या स्वभावात नाही. दुसरं वळण पसरट, ती ‘झिपरी’. तिच्या बुडातून ज्या जाड फांद्या सुटतात त्यांना गळफांद्या म्हणतात. त्या आधी नुसत्या वाढतात, पसरतात, वाट अडवतात. फवारायला गेलं की पदर अडकतो, वेचायला गेलं की झाडांशी मारामारी. पण पहिला बहर पावसानं किंवा अळीनं खाल्ला, तर हीच झिपरी त्या गळफांद्यांवर पुन्हा फुलते.

मला या दोघींचं लेकरू हवं होतं. अंगानं आटोपशीर आणि जिवानं चिवट. दोन्हींमधली चांगली झाडं निवडत निवडत कितीतरी हंगाम घालवले, गेल्या वर्षी जोड लावला आणि त्याचं होतं नव्हतं ते सगळं बी यंदा पेरलं. आमच्या तालुक्यात कपाशीवाल्यांची एक शेतकरी कंपनी आहे. तिची बियाणे समिती दर वर्षी एकच नवा जोड निवडते आणि गावोगावच्या शेतांवर चाचणीला लावते. तिथे जागा मिळाली तर वाण पुढे जातो. नाही मिळाली तर तुमच्या बांधावर जन्मतो आणि तिथेच मरतो. मला ती जागा हवी होती. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, झोपेत कूस बदलताना मला तीच हवी होती.

समिती घटस्थापनेच्या आधी झाडांची ठेवण बघायला येणार होती. फांदी कुठून सुटते, किती पसरते, उंची किती जाते, हेच बघायचं होतं. मधल्या काळात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून मी सटाण्याला गेले. पोळा तिकडेच झाला.

परत आले तर आबा बांधावर उभे, हातात कात्री, आणि चेहऱ्यावर नुसता आनंद.

“बघ सूनबाई! आता दिसतंय का नाय रान? येणारा-जाणारा हसत व्हता. म्हणं, भिमाजीच्या रानात कपाशी हाय का झाडोरा? सगळ्या गळफांद्या काढून टाकल्या बघ. शेंडं बी खुडलं.”

मी ओळींकडे बघितलं. जोडाच्या ओळी, काठीच्या ओळी, झिपरीच्या ओळी, सगळं एका मापाचं झालं होतं. कुठली झिपरी आणि कुठली काठी हे पान हातात घेतल्याशिवाय मलासुद्धा ओळखता येईना.

“आबा, झिपरीच्या पण कापल्या?”

“झिपरीच्या तर आधी! तीच लय माजली व्हती.”

आता हे खरं की गळफांदी काढायची आणि शेंडा खुडायचा ही पद्धत वाईट नाही. आबा दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात ती शिकून आले आणि गावभर शिकवत फिरले. बाकीच्या रानात मी स्वतः ती करते, उतारा वाढतो. पण या तुकड्यात फांद्यांचीच परीक्षा होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणीतरी मायेनं वर्गातल्या सगळ्या पोरांचे पेपर एकाच अक्षरात लिहून ठेवावेत, तसं आबांनी करून ठेवलं होतं.

मग माझं तोंड उघडलं.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला? विचारायचं नाही का एकदा? फोन नाही का तुमच्याकडे?”

“त्यात काय इचारायचं? दिंडोरीत द्राक्षं छाटत्यात का नाय? छाटल्याबिगर घड लागतो का?”

“ती द्राक्षं आहेत आबा! माझ्या या तुकड्यात फांदी कुठून सुटते तेच तर बघायचं होतं! आता काय दाखवू समितीला, तुमची कात्री?” एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण थांबते ती मी कसली. “तुमच्यासारखी मायेची माणसं असल्यावर शेताला अळी कशाला हवी!”

आबांचा चेहरा पडला. त्यांनी कात्री विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि घराकडे चालू लागले. पाठमोरे आबा एकदम म्हातारे दिसले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

“करायला गेले गणपती आणि झाला मारुती,” मागून रोशनबी म्हणाली. रोशनबी मालेगावकडची, बायकांची टोळी घेऊन जोड लावायच्या कामाला येते. कपाशीची कळी सोलण्यात आमच्या भागात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि सल्ला देण्यातही नाही. “ऐक ताई. झाडं दिसतायत तर झकास. समितीला काय कळतंय, कापली का नाही कापली? महिनाभरात जखमा पण बुजतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि चाचणीत शेतकऱ्यांच्या रानात ती मूठ उघडली की?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

मी तिच्यावरही ओरडले. तिनं ते मनावर घेतलं नाही. तिला सवय आहे.

त्यानंतर आबा शेतात यायचे बंद झाले. सकाळी ओट्यावर बसून रस्ता बघायचे. मी चहा ठेवायचे, ते घ्यायचे, आणि एक अक्षर आमच्या दोघांत व्हायचं नाही. घरातली भांडीच तेवढी वाजायची.

समिती ठरल्याप्रमाणे आली. चैताली, कंपनीची शेतकी अधिकारी. माझ्यापेक्षा वयानं लहान, हुशार आणि कामाची. तिच्याबरोबर हिरामणदादा, आमच्या शेजारच्या गावचे बागाईतदार. त्यांच्या दहा एकरांत काठीच्याच वळणाची दाट कपाशी, आणि तिच्यापुढे त्यांना जगात दुसरी कपाशी दिसत नाही. आबा त्या दिवशी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे येऊन उभे होते. मला त्यांच्या टोपीचं टोक दिसत होतं.

जोडाच्या ओळी बघून चैतालीचे डोळे चमकले. झाडं कमरेच्या वर, तुकतुकीत, वरपासून खालपर्यंत बोंडांनी लगडलेली. तिनं फोटो काढले. हिरामणदादांनी एक बोंड हातात घेऊन बघितलं आणि मान डोलावली. हा माणूस मान डोलावतो म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात विचारा कुणालाही.

“संजनाताई, मला वाटतं यंदा हाच,” चैताली म्हणाली. “किती आटोपशीर ठेवण आहे!”

खोटं कशाला सांगू? मी गप्प राहिले. जे एवढी वर्षं हवं होतं ते समोर ताटात वाढून आलं होतं, फक्त हात पुढे करायचा होता. रोशनबी पलीकडच्या ओळीतून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, की आता तोंड मिटून घे म्हणून. पण ती ‘ठेवण’ म्हणाली ना, तो शब्द मला टोचला.

“ही ठेवण झाडाची नाही, चैताली. कात्रीची आहे. गळफांद्या कापल्या गेल्यात, शेंडे खुडलेत. या तुकड्यावरून काहीच ठरवता येणार नाही.”

हिरामणदादा हसायला लागले. “अहो ताई, मग बिघडलं कुठं? शेतकऱ्यांना सांगू, तुम्हीपण कापा.”

“सांगता येईल की,” चैताली म्हणाली. “तशीही लोक हल्ली कापतातच.”

“कोण कापतं? ज्याच्या घरी चार हात रिकामे आहेत तो कापतो. ज्या बाईचा नवरा छाटणीला दिंडोरीला गेलाय, तिनं पाच एकरातलं एकेक झाड वाकून कापायचं? ते लोक कापत नाहीत, म्हणून तर मी हा जोड करायला घेतला. मला कात्री न लागणारं झाड करायचंय. ते झालंय का नाही, हे आज मलाही माहीत नाही. मग तुम्हाला कसं देऊ?”

“हातचं सोडून पळत्याच्या पाठी,” हिरामणदादा म्हणाले. “पण कापलं कुणी?”

मोटारीच्या खोलीमागची टोपी हलली.

“माझं शेत आहे. इथे काय झालं त्याला मी जबाबदार,” मी म्हटलं.

चैतालीनं फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, “ताई, यंदाची जागा मग दुसऱ्याला द्यावी लागेल. पुढच्या वर्षी हात न लावलेलं रान दाखवा, मी स्वतः येईन. पण त्यासाठी जोडाचं बी आहे का?”

नव्हतं. जोडाच्या झाडाचं बी ठेवून पेरलं की लेकरं वाट्टेल त्या वळणाची निघतात, आजोबावर एक तर आजीवर दुसरं. दर वर्षी काठी आणि झिपरीची नव्यानं गाठ घालावी लागते.

“नाही. करते,” मी म्हटलं.

“आता? शेंडे खुडलेत, काठी तर फुलायची थांबलीये.”

“करते म्हटलं ना.”

गाडी गेली. रोशनबी माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, तुझ्यासारखी येडी मी मालेगावात पण बघितली नाही.” आणि मग मलाच पाण्याचा तांब्या आणून दिला.

करते म्हणायला काय लागतं? झिपरीला कळ्या होत्या, कापली तरी ती कुठली थांबते. प्रश्न काठीचा होता. तिच्यावर हिरवी बोंडं गच्च होती आणि कळी एक नाही. झाडाचं गणित साधं असतं. पोट भरलेलं असलं की ते नव्यानं फुलत नाही. तिला फुलवायचं तर एकच मार्ग होता. सगळी हिरवी बोंडं खुडून टाकायची. पोट रिकामं झालं की कासावीस होऊन ती पुन्हा कळ्या काढणार. काढेल अशी आशा. पाणी आणि खत द्यायचं आणि वाट बघायची.

मी रोशनबीला सांगितलं तर ती दोन पावलं मागे सरली. “नाही ताई. कळी सोलीन, ऊन म्हणणार नाही, तहान म्हणणार नाही. पण हिरव्या बोंडाला नख लावणार नाही. माझ्या सासूनं हातावर हात ठेवून शपथ घातलीये.” तिच्या टोळीतल्या बायकांनीही माना हलवल्या. आमच्याकडे हे असंच आहे. वाटेत पडलेलं बोंडसुद्धा बाया उचलून बांधावर ठेवतात, पाय पडू देत नाहीत. मी जबरदस्ती केली नाही. म्हटलं, माझा जोड, माझं पाप.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच काठीच्या ओळीत शिरले. पहिलं बोंड खुडलं तेव्हा देठातून रस आला आणि मला ते खाली टाकवेना. शास्त्र शिकलेली बाई मी, पण सांगते ना, टाकवेना. तरी खुडत गेले. ओळ अर्धी झाली असेल, तेवढ्यात बांधावर कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. आबा होते. मला वाटलं, झालं, आता भांडण. मी कंबर कसूनच उभी राहिले.

“काय करतीस?” इतक्या दिवसांनी पहिला शब्द.

“काठी पुन्हा फुलवायचीये. बोंडं काढल्याशिवाय फुलणार नाही.”

आबांनी खाली पडलेल्या बोंडांकडे बघितलं. मग पायातल्या वहाणा काढून बांधावर ठेवल्या, ओळीत आले, पहिल्या झाडाला हात जोडले आणि बोंड खुडलं. मग दुसरं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसतही नव्हते.

“जन्मात हिरवं बोंड खुडलं नाय मी,” ते म्हणाले.

“माहितीये आबा. तुम्ही नका करू. मी करते.”

“गप. शेंडं कुणी खुडलं, तू का मी?” आणखी दोन झाडं त्यांनी संपवली. मग खालीच बघत म्हणाले, “त्या हिरामणला माझं नाव का सांगितलं नायस?”

“सांगून फांद्या परत आल्या असत्या का?”

“आन माझ्या तोंडावर अळी म्हणालीस ते?”

“ते खरं होतं.” मग मलाच राहवलं नाही. “पण जास्त झालं, आबा. तेवढं बोलायला नको होतं.”

“जास्त झालं,” आबांनी मान डोलावली. “पण खरं व्हतं.”

आणि दोघंही हसलो. हातात हिरवी बोंडं आणि डोळ्यांत पाणी घेऊन वेड्यासारखं हसलो. थोड्या वेळानं रोशनबीची टोळी आली. आबा खुडतायत बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग पदर खोचला. “चला गं बायांनो. आबांनी सुरुवात केलीये, म्हणजे पाप आबांच्या नावावर.”

“लिव्ह, लिव्ह माझ्या नावावर,” आबा म्हणाले. “आधीच बक्कळ हाय, त्यात हे बी.”

ओळी बोडक्या झाल्या. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, काय रोग पडला का? आबा ओट्यावरून नव्हे, आता बांधावरून उत्तर द्यायचे, “रोग नाय, उपास हाय.” मी रोज काठीच्या काखांमध्ये बोटं घालून बघत होते. काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यातही नव्हतं. राग यायला कुणी समोर नव्हतं, म्हणून झाडांवरच चिडायची, की अगं, फूल ना एकदाची! आणि दसरा उलटल्यावर एका सकाळी पानाच्या बेचक्यात हिरवा तिकोनी ठिपका दिसला. कळी. मी तिथेच मातीत बसले आणि आबांना एवढ्या मोठ्यानं हाक मारली की त्यांना वाटलं मला साप चावला.

कळ्या आल्या, पण थोड्या. तोवर दिंडोरीकडून छाटणीची बोलावणी आली आणि रोशनबीच्या टोळीतल्या बहुतेक बाया तिकडे गेल्या. रोशनबी राहिली, तिची सून आयशा राहिली. आजवर जोड लावताना काठी आई आणि झिपरी बाप असायचा. पण काठीला फुलंच कमी, मग उलटं केलं. झिपरीच्या कळ्या पुष्कळ, तिला आई केलं. काठीचं एक फूल झिपरीच्या चार-पाच कळ्यांना पुरतं, तिला बाप केलं. जोड उलटा लावला तरी लेकराची ठेवण बदलत नाही.

“सालाबादची आई यंदा बाप झाली!” रोशनबी म्हणाली. “काय जमाना आलाय.”

काम असं की दुपार कलल्यावर झिपरीची उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि आतले पुंकेसर सोलून काढायचे, मधल्या दांड्याला धक्का न लावता. वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी काठीचं फूल तोडून आणायचं, टोपी काढून त्या दांड्यावर पराग चोळायचे आणि देठाला दोरा बांधायचा. सोलायचं काम आम्हा तिघींचं. आबांची नखं जाड, म्हणून त्यांना सकाळचं काम दिलं.

“आबा, हळू चोळा. तंबाखू नाही ती,” रोशनबी ओरडायची.

“तू तुझ्या ओळीत बघ,” आबा म्हणायचे, पण चोळायचे हळूच. मी चोरून बघायचे. लहान पोराच्या कपाळाला अंगारा लावावा, तसं चोळायचे.

थंडी पडल्यावर दोरा बांधलेली बोंडं फुटली. एका तुकड्यापुरतं बी निघालं. फार नाही, पण पुरतं.

पुढच्या जूनमध्ये ते पेरलं. या वेळी काठी दोन टप्प्यांत लावली, एक वेळेवर आणि एक उशिरा, म्हणजे फुलांची टंचाई नको. झाडं गुडघ्याएवढी झाली तेव्हा मी रोज सकाळी वाकून बुडं बघायची. जोडाला गळफांद्या आल्या. बहुतेक झाडांना दोन, त्याही आडव्या न पडता खोडाच्या बाजूनं वर चढणाऱ्या. मला नाचावंसं वाटलं. पण ठेवण अर्धी परीक्षा. उरलेली अर्धी पाऊस घेणार होता.

आणि पावसानं ती घेतलीच. भाद्रपदात असा कोसळला की रानात गुडघाभर चिखल. तालुक्यातल्या सगळ्या कपाशीची पहिली बोंडं झाडावर सडली, आमचीही सडली. पक्षाचे कार्यकर्ते येऊन फोटो काढून गेले. समितीचं येणं लांबलं, ती आली दसऱ्यानंतर.

पार रया गेली होती माझ्या रानाची! खालची पानं गळालेली, बोंडं काळी पडून लोंबतायत, ओळीत वाफ आणि कुबट वास. चैतालीचा चेहरा उतरला. हिरामणदादा नेहमीसारखे तावातावानं बोलत नव्हते, त्यांचे दहा एकर गेले होते. तरी म्हणालेच, “गेल्या वर्षी काय देखणं होतं, ताई.”

माझे कान तापले. पण तोंड उघडायच्या आधी मी त्यांचा हात धरला, खरोखर धरला, आणि ओळीत घेऊन गेले. “इथे बघा. ही वेळेवर लावलेली काठी.” काळी बोंडं अजून पोटाशी धरून बसलेली, वर बोडका शेंडा, कळी नाही. “ही झिपरी. शिरा आत.” ते शिरले, दोन पावलांत सदरा अडकला आणि शिव्या देत बाहेर आले. फुलं होती, पण तिथपर्यंत पोचणार कोण? “आणि आता हा जोड.”

हिरामणदादा जोडाच्या ओळीत शिरले. मागोमाग चैताली. ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि फांदीला न अडकता परत आले. मग हिरामणदादा खाली बसले आणि एका झाडाच्या दोन्ही गळफांद्या हातांनी बाजूला केल्या. पिवळी फुलं, कळ्या, आणि नुकती धरलेली, शेंगदाण्याएवढी हिरवी बोंडं. पुढच्या झाडाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. ते बसल्या बसल्याच पुढे सरकत राहिले. सगळा तालुका सडला होता आणि माझं रान दुसऱ्यांदा फुलत होतं.

“कात्री?” चैतालीनं विचारलं.

“एका झाडालाही नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “ताई, चाचणीला हाच जातोय.”

बस्स, एवढंच म्हणाली. मी ते वाक्य किती वेळा मनात ऐकलं होतं, आणि खरं ऐकलं तेव्हा मी नुसत्या जवळच्या झाडाच्या गळफांद्या पुन्हा मोजल्या. हिरामणदादा ओळीतून उठले, धोतराला लागलेला चिखल झटकला नाही, आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. असा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“ताई, मला पुढच्या साली दहा एकराचं बी पाहिजे. सगळ्या दहाचं.”

“हिरामणदादा, चाचणी आहे. एका शेताला एक पिशवी. तुम्हालाही एकच.”

“अहो, मी समितीत आहे!”

“म्हणून तर दोन देत नाही.”

आबा असे हसले की त्यांना खोकला लागला. चैताली वळून दुसरीकडे बघायला लागली. हिरामणदादांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “एक तर एक. पण त्यावर माझं नाव आत्ताच टाका.” मी तोंडावर पदर धरला आणि रडून घेतलं. किती वर्षांचं साठलं होतं कुणास ठाऊक. रोशनबीनं मला रडू दिलं, आणि मग कोपरानं ढोसलं. दुपार कलली होती. उशिरा लावलेली काठी अजून फुलात होती, आणि चाचणीच्या पिशव्या भरायच्या तर उद्या उमलणाऱ्या कळ्या आजच सोलायला हव्या होत्या. समितीला चहा आबांनी पाजला. मी आणि रोशनबी ओळीत शिरलो.